अंगावर काढलेला ताप

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले, की संपादकांचा फोन येतो आणि दरवर्षी मी बालकांच्या आहारावर किंवा लसीकरणाच्या वेळापत्रकावर एखादा लेख देऊन मोकळा होतो. या वेळी मात्र विषय मी स्वतः मागून घेतला. दहा वर्षांहून अधिक काळ मनात बाळगलेली एक गोष्ट सांगावी आणि ती आपल्याच माणसांत सांगावी, असे वाटले. आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, तसेच डॉक्टर नसलेले, परंतु कधी ना कधी रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढलेले स्नेहीही आहेत. ही गोष्ट दोघांच्याही उपयोगाची आहे.

सन २०१५ चा फेब्रुवारी महिना. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांत स्वाइन फ्लूची, म्हणजे एच१एन१ इन्फ्लुएंझाची, मोठी साथ चालू होती. त्या एका वर्षात देशभरात ४२,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि सुमारे ३,००० मृत्यू झाले. वडोदऱ्यातील ज्या रुग्णालयात मी तेव्हा बालरोग विभाग सांभाळत होतो, तेथे एकही खाट रिकामी नव्हती. एका सोमवारी सकाळी उठलो तो घसा धरलेला, अंग मोडून आलेले. तापमापक लावला नाही, कारण पारा किती चढला आहे हे मला पाहायचेच नव्हते. पत्नी म्हणाली, "अहो, आज नका जाऊ. एक दिवस नाही गेलात तर काही बिघडत नाही." मी पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि गेलो.

आमच्या पिढीतील डॉक्टरांना हे बाळकडूच मिळाले होते. आमचे गुरुजन १०२ ताप असताना राउंड घेत आणि आम्ही विद्यार्थी त्यांच्याकडे कौतुकाने पाहत असू. आजारपणाची रजा मागणारा निवासी डॉक्टर कामचुकार समजला जाई. ताप अंगावर काढणे ही आमच्या व्यवसायातील शौर्याची खूण होती. त्या सोमवारी मीही शूर ठरलो. तीस मुलांच्या खाटांपाशी गेलो. खोकला आला तेव्हा तळहात तोंडासमोर धरला आणि त्याच हाताने पुढच्या मुलाचे पोट तपासले.

त्या वॉर्डात डभोई तालुक्यातील एका खेड्यातून आलेली सात वर्षांची एक मुलगी होती. तिला नेफ्रोटिक सिंड्रोम होता, म्हणजे लघवीवाटे प्रथिने जाऊन अंगावर सूज येण्याचा आजार. स्टेरॉइडच्या औषधांनी सूज ओसरत चालली होती. दाखल होऊन पाच दिवस झाले होते आणि बुधवारी तिला घरी सोडायचे ठरले होते. काही तपासण्यांचे अहवाल यायचे राहिल्याने तिचा मुक्काम एक दिवस लांबला. गुरुवारी पहाटे तिला ताप भरला. शनिवारी श्वास लागला. घशातील स्रावाच्या तपासणीत एच१एन१ आढळला. पुढील नऊ दिवस ती कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर होती. त्याच आठवड्यात वॉर्डातील आणखी दोन मुले आणि एक परिचारिका तापाने आजारी पडली.

मुलगी वाचली, हे आधीच सांगून टाकतो. परंतु तिला घरी सोडताना तिचे वडील माझ्या पाया पडले, तेव्हा मी ओशाळलो. ती सुजेचा आजार घेऊन आली होती. फ्लू तिला आमच्या इमारतीत मिळाला होता.

तो विषाणू कोणाचा?

तिला संसर्ग माझ्याकडूनच झाला, असे मी सिद्ध करू शकत नाही. मी स्वतःची तपासणी करून घेतली नव्हती. शेजारच्या खाटेवरील बाळाची आजी खोकत होती, वॉर्डातील मावशींनाही कणकण होती आणि बाह्यरुग्ण विभागातून तापाची मुले सारखी ये-जा करीत होती. यांपैकी कोणीही असू शकेल. पण मी नव्हतोच, असेही मला म्हणता येत नाही. रुग्णालयातील संसर्गाचे हेच वैशिष्ट्य आहे. शस्त्रक्रियेत चूक झाली तर ती कोणाची हे कळते. येथे दोष सर्वांत वाटला जातो आणि म्हणून कोणाच्याच पदरात पडत नाही.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारणपणे एक ते चार दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशी, लक्षणे दिसू लागतात. परंतु लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच तो माणूस विषाणू बाहेर टाकीत असतो आणि पुढे पाच ते सात दिवस टाकीत राहतो. लहान मुले दहा दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ विषाणू पसरवू शकतात आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे वा आजारामुळे क्षीण झाली आहे, ते रुग्ण कित्येक आठवडे. कित्येकांना नुसती सर्दी होते, काहींना काहीच होत नाही, तरीही ते विषाणू वाहून नेतात. म्हणूनच "ज्याला ताप तो धोक्याचा" हा ढोबळ नियम वॉर्डात पुरा पडत नाही.

प्रसाराचे मार्ग तीन. खोकताना, शिंकताना, बोलताना उडणारे तुषार एक-दोन मीटरच्या टप्प्यात समोरच्याच्या नाका-डोळ्यांपर्यंत पोहोचतात. त्याहून सूक्ष्म कण बंद, कोंदट खोलीत काही काळ तरंगत राहतात. कफ यंत्राने ओढताना किंवा श्वासनलिकेत नळी घालताना ते अधिक निर्माण होतात. तिसरा मार्ग हातांचा. स्टील किंवा प्लॅस्टिकसारख्या कठीण पृष्ठभागावर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो, कापडावर आणि कागदावर त्याहून कमी काळ. हातावर तो काही मिनिटेच टिकतो, पण खाटेच्या कठड्यापासून मुलाच्या गालापर्यंत पोहोचायला तेवढी मिनिटे पुरेशी असतात.

मानमोडीची आठवण

माझ्या आजीचा जन्म १९१० चा. दांडिया बाजारातील एका वाड्यात तिचे बालपण गेले. ती आठ वर्षांची असताना इन्फ्लुएंझाची ती जागतिक साथ आली. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून ती हिंदुस्थानात शिरली आणि हिवाळा येईपर्यंत तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. मराठी माणसांनी तिला 'मानमोडी' असे नाव दिले होते. आजीच्या घरी पाच माणसे आजारी पडली. तिच्या मामांनी तिला माडीवर ठेवले. जेवणाचे ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून ते खाली जात. खाली आई तापाने फणफणलेली आणि ही वर रडत बसलेली. आई त्यातून उठली नाही. आजी म्हातारपणीही सांगे, "मामांनी मला आईजवळ जाऊ दिलं नाही म्हणून त्यांचा राग यायचा. पुढे मुलंबाळं झाली तेव्हा उमगलं, की त्यांनी मला ठेवून घेतलं."

विषाणू कसा असतो हे मामांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माणसात इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला तो १९३३ मध्ये, लंडनला. परंतु आजाऱ्यापासून निरोग्याला दूर ठेवावे आणि दूर ठेवलेल्याला उपाशी, एकटे टाकू नये, ही दोन्ही पथ्ये त्यांनी सांभाळली. माझ्या मते आजही रुग्णालयातील फ्लू-प्रतिबंधाचा सारांश एवढाच आहे.

आम्ही काय बदलले

त्या मार्च महिन्यात आम्ही विभागातील सगळे जण, परिचारिका, मावशी आणि सफाई कामगार यांच्यासह, एकत्र बसलो. कोणावर ठपका ठेवायचा नाही, फक्त विषाणू कोठून कोठून येऊ शकतो हे सांगायचे, असे ठरले. सर्वांत उपयुक्त माहिती सफाई करणाऱ्या बहिणींनी दिली. फरशी दिवसातून तीनदा पुसली जाते, पण खाटांचे कठडे, सलाइनचे स्टँड, दरवाजाच्या मुठी आणि खेळघरातील खेळणी कोणाच्याच कामाच्या यादीत नाहीत, हे आम्हा डॉक्टरांपैकी एकालाही माहीत नव्हते.

पहिला बदल दारात केला. बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवतानाच ताप-खोकला आहे का, हे विचारायचे; असेल तर मास्क द्यायचा आणि वेगळ्या, खिडकीजवळच्या बाकावर बसवायचे. दुसरा बदल खाटांचा. दोन खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर ठेवायचे. यासाठी आम्हाला वॉर्डातील दोन खाटा कमी कराव्या लागल्या आणि व्यवस्थापनाशी बरीच हुज्जत घालावी लागली. फ्लूच्या रुग्णाला स्वतंत्र खोली मिळाली तर उत्तम. नसेल तर असे सर्व रुग्ण एकाच खोलीत एकत्र ठेवायचे आणि त्यांच्यासाठी शक्यतो तीच परिचारिका नेमायची. ही दक्षता लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवस, किंवा ताप उतरून २४ तास होईपर्यंत, यांपैकी जो काळ अधिक असेल तोवर पाळायची. जिथे चालेल तिथे नेब्युलायझरऐवजी स्पेसर लावून पंप द्यायचा, म्हणजे तुषार कमी उडतात.

तिसरा बदल हातांचा. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने प्रसूतिगृहातील डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हा समव्यावसायिकांना तो आपला अपमान वाटला. आपला कल आजही फारसा वेगळा नाही. बेसिन वॉर्डाच्या टोकाला असेल, तर तीस मुले तपासणारा डॉक्टर तीस वेळा तेथवर चालत जाणार नाही. म्हणून प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी अल्कोहोलयुक्त द्रावणाची बाटली अडकवली. हात दिसायला मळलेले असतील तर साबण आणि पाणी, एरवी ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले द्रावण पुरते. स्टेथोस्कोप आणि मोबाइल हीसुद्धा आपल्या हातांचीच लांबण आहे, हे विसरू नये. मऊ, केसाळ खेळणी खेळघरातून काढून टाकली; धुता येतील अशीच ठेवली.

चौथा बदल औषधाचा. ओसेल्टामिविर जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या ४८ तासांत, सुरू होईल तितका त्याचा उपयोग अधिक. दाखल असलेल्या किंवा जोखमीच्या मुलाला फ्लूची दाट शंका असेल, तर अहवालाची वाट पाहत दोन दिवस घालवणे योग्य नाही. शेजारच्या खाटेवर फ्लूचा रुग्ण निघाला, तर कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड घेत असलेल्या मुलाला प्रतिबंधक मात्रा द्यायची का, याचा विचार त्याच दिवशी करावा.

पाचवा बदल सर्वांत कठीण गेला, कारण तो आमच्या स्वभावाचा होता. ताप आणि खोकला असलेल्याने कामावर यायचे नाही. ताप औषधाविना उतरून २४ तास झाल्यावरच परतायचे. डॉक्टर घरी थांबू शकतो. पण रोजंदारीवर काम करणाऱ्या मावशींचा एक दिवस बुडाला तर त्यांच्या घरचे गणित बिघडते. तापाच्या रजेचा पगार कापला जाणार नाही, हे लेखी मिळाल्याखेरीज हा नियम कागदावरच राहतो. आम्हाला ते लेखी मिळवायला सात महिने लागले. फ्लू-प्रतिबंधाच्या सर्व उपायांत हा एकच असा आहे, की ज्याचा उल्लेख औषधांच्या पुस्तकात नाही आणि ज्याच्यावाचून बाकीचे उपाय लंगडे पडतात.

लस: आधी आपल्याला

त्या वर्षी मी स्वतः फ्लूची लस घेतली नव्हती आणि त्या मुलीलाही सुचवली नव्हती. दीर्घकालीन आजाराच्या मुलांना ही निष्क्रिय लस द्यावी, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होतो. माझ्याच रुग्णाच्या बाबतीत ते राहून गेले.

लस परिपूर्ण नाही. विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते आणि ज्या वर्षी ती नीट जुळते त्या वर्षीही आजार होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, शंभर टक्क्यांनी नव्हे. सहा महिन्यांखालील बाळाला ती देताच येत नाही. त्या बाळाचे रक्षण गर्भारपणी आईने घेतलेल्या लशीमुळे आणि भोवतालच्या माणसांनी घेतलेल्या लशीमुळे होते. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सर्व मुलांना दरवर्षी ही लस सुचवते आणि त्यापुढे जोखमीच्या मुलांना. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. आपल्या भागात फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास डोके वर काढतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी, त्या वर्षीची नवी लस उपलब्ध होताच घेणे श्रेयस्कर. पूर्वी लशीत चार प्रकारचे विषाणू असत. त्यांपैकी बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कोठे आढळल्याची खात्रीलायक नोंद झालेली नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तो वगळण्याची शिफारस केली. तेव्हा "आता तीनच कसे?" असे कोणी विचारले तर त्यात काळजीचे कारण नाही.

कर्मचाऱ्यांनी लस घेतल्याने रुग्णांना काय लाभ, असा प्रश्न नेहमी येतो. स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या २० रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे कर्मचाऱ्यांना लस देऊ केली होती तेथे त्या हिवाळ्यात १३.६ टक्के रुग्ण दगावले, जेथे दिली नव्हती तेथे २२.४ टक्के. नंतरच्या समीक्षकांनी या पुराव्याच्या बळकटीबद्दल शंका घेतल्या आहेत आणि त्या अभ्यासूंनी जरूर वाचाव्यात. परंतु माझ्यापुरता प्रश्न साधा आहे. दुर्बल मुलाच्या उशाशी रोज उभे राहणाऱ्याने, धोका निम्म्याने जरी कमी होत असेल, तरी तो कमी करायला नको का?

समाचाराला येणाऱ्यांसाठी

आता जे डॉक्टर नाहीत त्या स्नेह्यांसाठी. आपण मराठी माणसे 'समाचाराला' जातो, आपले गुजराती शेजारी 'खबर काढवा' जातात. दोन्ही समाजांत आजाऱ्याला भेटायला न जाणे हा मोठा अपराध मानला जातो आणि या मायेचा मला आदर आहे. पण वॉर्डात एका मुलाभोवती आठ माणसे उभी असतात, तेव्हा त्यांतील एखाद्याचा खोकला आठ खाटांपर्यंत जातो. मुलाजवळ आई किंवा वडील, एवढे एकच माणूस असावे आणि तेही निरोगी. सर्दी-खोकला असेल तर फोन करा, डबा पाठवा, बाहेर बसलेल्या आईला दोन तास झोपता यावे म्हणून घरची जबाबदारी घ्या. दारावर अडवणारी परिचारिका तुमचा अपमान करीत नसते. ती आमच्या आजीच्या मामांचे काम करीत असते.

कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, मास्क, अंतर आणि घरी थांबणे यांमुळे जगभर फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला होता. बंधने सैल होताच तो परतला. २०२३ च्या आरंभी आपल्याकडे एच३एन२ ने रुग्णालये पुन्हा भरली. म्हणजे उपाय आपल्याला माहीत आहेत आणि ते चालतात, हेही आपण पाहिले आहे. आपण ते फार लवकर विसरतो, इतकेच.

२०२१ मध्ये त्या मुलीचे वडील तिला घेऊन माझ्या दवाखान्यात आले होते. मास्कबद्दल साहेब इतके कडक का, असे त्यांनी हसत विचारले. तेव्हा मी त्यांना तो सोमवार सांगितला. माझ्याकडूनही संसर्ग झालेला असू शकतो, असे स्पष्ट म्हटले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "साहेब, ताव तो बधाने आवे." ताप तर सगळ्यांनाच येतो. क्षमा करण्याची त्यांची ती रीत होती आणि मी ती हात जोडून स्वीकारली. पण त्यावर समाधान मानता येत नाही. ताप सगळ्यांना येतो हे खरे. मात्र तो घेऊन दुसऱ्याच्या आजारी लेकराजवळ जायचे की नाही, हे आपल्या हाती असते.

माझ्या तरुण समव्यावसायिकांना एकच विनंती. ज्या दिवशी अंगात कसर असेल त्या दिवशी सहकाऱ्याला फोन करा आणि घरी थांबा. ज्याला असा फोन येईल त्याने कुरकुर न करता "तू झोप, राउंड मी घेतो" म्हणावे. आमच्या गुरूंनी आम्हाला पुष्कळ दिले. एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकायची राहिली. ती तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना शिकवा.